हवाई कसरतींचे पहिले विमान: फोमच्या प्रतिकृतीची निवड

१९१३ सालच्या सप्टेंबर महिन्यात कीव्ह शहराजवळ प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन लष्करी वैमानिकाने आपले न्यूपोर विमान उभ्या वर्तुळात फिरवून पुन्हा सरळ केले. हवाई कसरतींच्या इतिहासातील हा पहिला ‘लूप’ मानला जातो. सरकारी विमान धोक्यात घातले म्हणून त्याच्यावर प्रथम शिस्तभंगाची कारवाई झाली. त्याच्या पराक्रमाचे महत्त्व वरिष्ठांना नंतर उमगले. हवाई कसरतींच्या शिक्षणातील मूळ अडचण या घटनेत दिसून येते. कसरत शिकावयाची तर चुका होणारच. आणि हवेत केलेल्या चुकीची किंमत मोठी असते.

रेडिओच्या साहाय्याने नियंत्रित होणाऱ्या प्रतिकृती-विमानात वैमानिक जमिनीवर उभा असतो. त्यामुळे त्याच्या प्राणांवर बेतत नाही. परंतु विमान, पैसा आणि श्रम ही किंमत उरतेच. बाल्साच्या काटक्या जोडून, त्यांवर पातळ कागद किंवा रेशीम ताणून बांधलेले विमान कित्येक महिन्यांच्या मेहनतीचे फळ असे, आणि एका चुकीच्या गिरकीत त्याचा चुराडा होई. साच्यातून काढलेल्या फोमच्या विमानांनी ही परिस्थिती पुष्कळच पालटली. तुटलेला पंख तासाभरात चिकटवून पुन्हा उड्डाण करता येऊ लागले. म्हणजेच चूक करणे शिकाऊ माणसाला परवडू लागले. तथापि प्रत्येक फोमचे विमान या कामास योग्य असते असे नाही. प्रस्तुत प्रकरणात आपण ही निवड कोणत्या कसोट्यांवर करावी याचा विचार करणार आहोत. वाचकाला सरळ उड्डाण, दोन्ही बाजूंची वळणे आणि सुरक्षित अवतरण येते, असे येथे गृहीत धरले आहे.

शिकाऊ विमान कोठे अपुरे पडते

पहिल्या धड्यांसाठी वापरले जाणारे विमान मुद्दाम स्थिर बनविलेले असते. त्याचा पंख धडाच्या वर बसविलेला असतो आणि पंखांची टोके किंचित वर उचललेली असतात. पंखाचा छेद पाहिला तर वरची बाजू फुगीर आणि खालची जवळजवळ सपाट आढळते. असे विमान एका बाजूस कलले आणि वैमानिकाने हात सोडला तर ते बहुधा आपोआप सरळ होते. नवशिक्याला हा गुण तारक ठरतो.

कसरतींच्या शिक्षणात मात्र हाच गुण अडथळा बनतो. उलटे उडत असता हे विमान सतत सुलटे होऊ पाहते. सपाट तळाचा पंख उलट्या स्थितीत पुरेशी उचल देत नाही आणि नाक वर धरण्यासाठी कांडी बरीच पुढे रेटावी लागते. रोल घेताना विमान मार्गावरून भरकटते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, वैमानिकाची चूक विमान परस्पर दुरुस्त करीत असल्याने आपले काय चुकले हे त्याला समजतच नाही.

दुसऱ्या टोकाला अतिचपळ विमाने असतात. त्यांत चूक इतक्या वेगाने वाढते की ती ओळखण्यापूर्वीच विमान जमिनीवर आदळते. तेव्हा आपल्याला हवे आहे ते या दोहोंच्या मधले विमान: ज्या स्थितीत ठेवावे त्या स्थितीत राहणारे, आपली चूक स्पष्ट दाखविणारे, परंतु ती सुधारण्यास अवधी देणारे. पुढील सर्व कसोट्या या एकाच अपेक्षेतून निघतात.

पंखांची ठेवण

असे विमान ओळखण्याची पहिली खूण म्हणजे पंखाचा छेद. त्याची वरची व खालची बाजू सारखीच, किंवा जवळजवळ सारखीच, फुगीर असावी. असा पंख सुलट्या आणि उलट्या स्थितीत सारखेच काम करतो. पंख धडाच्या मध्यावर अथवा तळाशी बसविलेला असावा आणि टोकांची उचल अगदी अल्प असावी.

दुसरी खूण म्हणजे पंखाचा वरून दिसणारा आकार. मुळाशी रुंद आणि टोकाशी फार निमुळता असलेला पंख देखणा दिसतो. पण वेग कमी झाला असता त्याची टोके आधी उचल गमावतात. यालाच टोकाचा ‘स्टॉल’ म्हणतात. अशा वेळी विमान कोणतीही पूर्वसूचना न देता एका अंगावर कोसळते. सरसकट सारख्या रुंदीच्या किंवा थोड्याच निमुळत्या पंखाचा स्टॉल सामान्यतः मुळापासून सुरू होतो; नाक हळूच खाली येते आणि सावरण्यास संधी मिळते.

तिसरी खूण शेपटीकडे पाहावी. रडर, म्हणजे उभे सुकाणू, पुरेसे मोठे असावे. साध्या वळणांत त्याची फारशी गरज भासत नाही. परंतु सरळ वर जाऊन, थबकून, एका अंगावर वळत खाली येण्याची ‘स्टॉल टर्न’ ही कसरत रडरवाचून साधत नाही. उलट, पंखांवरील एलेरॉन आणि शेपटीवरील एलेव्हेटर अतिशय रुंद व प्रचंड कोनात हलणारे असतील, तर ते विमान प्रोपेलरवर लटकत राहण्याच्या कसरतींसाठी बनविलेले आहे असे समजावे. ते दुसरे किंवा तिसरे विमान म्हणून घ्यावे.

वजनाचा हिशेब

जाहिरातींत पंखविस्तार आणि वेग यांचे आकडे ठळक छापलेले असतात. शिकाऊ माणसाने त्याऐवजी पंखाच्या प्रत्येक एकक क्षेत्रफळावर किती वजन येते ते काढावे. यास पंखभार म्हणता येईल.

एक उदाहरण घेऊ. पंखविस्तार ११० सेंटिमीटर आणि सरासरी रुंदी २२ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ २,४२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २४ चौरस डेसिमीटर होते. बॅटरीसह वजन ९०० ग्रॅम असल्यास प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ३७ ग्रॅम भार येतो. आता याच मापाचे दुसरे विमान जास्त बॅटरी, मागे घेता येणारी चाके आणि इतर सजावट यांमुळे १,३०० ग्रॅमचे झाले असे समजा. भार सुमारे ५४ ग्रॅमवर जातो.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. विमान ज्या किमान वेगाने उडू शकते तो वेग पंखभाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दुसऱ्या विमानाचा किमान वेग पहिल्याच्या सुमारे १.२ पट होईल. गतिज ऊर्जा वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, त्या वेगाने आदळताना त्यात दुपटीहून थोडी अधिक ऊर्जा असेल. वजनात दीडपटीहूनही कमी वाढ झाली, आणि आघात दुप्पट झाला! हलके विमान सावकाश उडते, विचारास वेळ देते आणि पडले तरी कमी मोडते. एक मीटरच्या आसपास पंखविस्तार असलेल्या विमानासाठी ३५ ते ४० ग्रॅमचा पंखभार शिकण्यास सोयीचा ठरतो. फार लहान विमाने हलकी असली तरी वाऱ्यात भरकटतात आणि दूरवरून त्यांची स्थिती ओळखू येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फोमचे प्रकार

‘फोम’ हा शब्द अनेक पदार्थांना सरसकट लावला जातो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा, कडक पॉलिस्टायरीन फोम स्वस्त व हलका असला तरी कडकन मोडतो, आणि साध्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने विरघळतो. ईपीओ या नावाने ओळखला जाणारा फोम अधिक चिवट असून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. आजची बहुतेक तयार विमाने याच जातीच्या फोमची असतात. मल्टिप्लेक्स ही जर्मन कंपनी आपल्या फोमला ‘एलापोर’ म्हणते. हा फोम झटपट गोंदाने जोडता येतो, आणि दबलेला भाग गरम पाण्याच्या शेकाने पुष्कळसा फुगून वर येतो. तिसरा प्रकार ईपीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा फोम. तो रबरासारखा दबून पूर्ववत होतो व सर्वांत जास्त आघात सोसतो. परंतु लवचीक असल्याने त्याला कार्बनच्या किंवा फायबरच्या काड्यांचा आधार द्यावा लागतो. जागा लहान आणि उंची कमी असेल तर ईपीपी घ्यावा. मोकळे मैदान असेल तर ईपीओ पुरेसा आहे.

आपल्याकडील उन्हाचा विचारही करावा. बंद मोटारीत उन्हात ठेवलेले फोमचे विमान वाकडे होऊ शकते. वाकलेला पंख रोलमध्ये एका बाजूस अधिक झुकतो, आणि वैमानिक आपल्या हाताला दोष देत बसतो.

विमानाचा वरचा व खालचा रंग स्पष्टपणे वेगळा असावा. ही सजावटीची बाब नव्हे. दूरच्या विमानाचे पोट दिसते की पाठ, हे क्षणार्धात न कळणे हे कसरत बिघडण्याचे एक नित्याचे कारण आहे.

शक्ती आणि यंत्रणा

विमानाच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनास सुमारे २०० ते २५० वॅट विद्युतशक्ती असल्यास मूलभूत कसरती चांगल्या होतात. तीन घटांची ११.१ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी २० अँपिअर प्रवाह देत असेल तर २२२ वॅट मिळतात; आपल्या ९०० ग्रॅमच्या विमानास ते पुरेसे आहेत. याहून फार अधिक शक्ती शिकण्यास उपकारक नसते. लूप गोल येण्यासाठी प्रवेशाचा वेग, वर जाताना वाढविलेली व उतरताना कमी केलेली शक्ती, यांचा मेळ साधावा लागतो. अतिशक्तिमान मोटार हा मेळ शिकण्याची गरजच ठेवत नाही.

अनेक विमानांत आता आपोआप समतोल राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती ट्रान्समीटरवरील बटणाने पूर्णपणे बंद करता येत असेल तरच असे विमान घ्यावे. गोंधळ उडाला असता विमान सरळ करण्यासाठी तिचा उपयोग जरूर करावा. परंतु ती सतत चालू ठेवल्यास शिकाऊ विमानाचाच दोष दुसऱ्या मार्गाने परत येतो.

कोणते विमान टाळावे

स्पिटफायर किंवा मस्टँग या युद्धविमानांच्या प्रतिकृतींचा मोह बहुतेकांना होतो. निमुळते पंख आणि तुलनेने अधिक वजन यांमुळे त्यांच्या लहान प्रतिकृती मंद वेगात फसव्या ठरतात. १९८८ साली प्रथम उडालेले जर्मनीचे एक्स्ट्रा ३०० हे खास कसरतींचे विमान आहे, आणि त्याच्या फोमच्या प्रतिकृती विपुल आहेत. त्यांतील हलक्या व मध्यम चपळाईच्या प्रतिकृती योग्य ठरतात. मात्र सारे नियंत्रण-पृष्ठ अतिरुंद असलेल्या प्रतिकृती प्रथम घेऊ नयेत. जे विमान मोडल्यावर त्याचे सुटे पंख, प्रोपेलर आणि शेपूट मिळत नाहीत, तेही टाळलेले बरे.

पहिली उड्डाणे

निवड कितीही योग्य असली तरी विमान नीट जुळविले नाही तर तिचा उपयोग होत नाही. गुरुत्वमध्य प्रथम निर्मात्याने सांगितलेल्या पट्ट्याच्या पुढील बाजूस ठेवावा. नियंत्रण-पृष्ठांची हालचाल कमी ठेवावी. बहुतेक ट्रान्समीटरांत कमी व अधिक अशी दोन प्रमाणे बटणाने निवडता येतात. काही उड्डाणांनंतर विमान उलटे करून पाहावे. उलट्या स्थितीत नाक फार जोराने खाली येत असेल तर पुढे भार जास्त आहे असे समजून बॅटरी एका वेळी दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवावी.

कसरतींचा क्रम लूप, रोल, उलटे उड्डाण आणि त्यानंतर स्टॉल टर्न असा ठेवावा. प्रत्येक कसरत, तीनदा चुकले तरी सावरता येईल इतक्या उंचीवर करावी. दर उड्डाणात एकच कसरत घ्यावी आणि ती प्रथम वाऱ्याच्या दिशेच्या विरुद्ध तोंड करून करावी.

इतरांची सुरक्षितता

फोम मऊ असला तरी फिरणारा प्रोपेलर मऊ नसतो. बॅटरी जोडताच मोटार केव्हाही सुरू होऊ शकते असे समजून हात व चेहरा दूर ठेवावा. लिथियम बॅटरी लक्ष ठेवूनच, न जळणाऱ्या पृष्ठभागावर भारित करावी. काही दिवस वापरावयाची नसेल तर प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. माणसे, रस्ते व विजेच्या तारा यांवरून कधीही उडवू नये. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले आहेत. मैदान निवडण्यापूर्वी ते कोणत्या विभागात येते हे अधिकृत नकाशावर पाहावे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकविले जाते. तेथील अथवा एखाद्या क्लबातील अनुभवी व्यक्तीसमवेत पहिली उड्डाणे करणे सर्वांत श्रेयस्कर होय.

सारांश, सारख्या फुगीरीचा पंख, हलके वजन, दुरुस्त करता येणारा फोम, बेताची शक्ती आणि स्पष्ट रंग या पाच गोष्टी पाहून विमान घ्यावे. असे विमान दुकानातील सर्वांत वेगवान किंवा सर्वांत देखणे असेलच असे नाही. परंतु त्याच्यावर काढलेले वर्तुळ अंडाकृती झाले तर ते अंडाकृतीच दिसेल, आणि पुढच्या खेपेस ते अधिक गोल काढण्यासाठी ते विमान शाबूत राहिलेले असेल.