३.४ बोलशब्दांचा मागोवा : ‘ओके’ या शब्दाचे उदाहरण

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर बोलशब्दाच्या उगमाचा पुरावा कसा तपासावा व त्या पुराव्याच्या मर्यादा कोणत्या, हे आपल्याला सांगता येईल.

विवेचन

विद्यार्थी मित्रहो, अनौपचारिक बोलण्यात रूढ होणाऱ्या, परंतु प्रमाणभाषेत सहसा न स्वीकारल्या जाणाऱ्या शब्दांना ‘स्लँग’ म्हणतात. इंग्रजीतील असे शब्द फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्येच कोशात एकत्र केले होते. मात्र शब्द नोंदवण्यापेक्षा त्याचा उगम सिद्ध करणे अधिक कठीण असते.

मराठीतही रुळलेला ‘ओके’ हा शब्द पाहा. तो अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी भाषेतून आला, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या अशुद्ध लेखनातून आला, असे अनेक तर्क प्रचलित होते. ॲलन वॉकर रीड यांनी तर्क बाजूला ठेवून जुनी वृत्तपत्रे तपासली. ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या २३ मार्च १८३९ च्या अंकात त्यांना ‘ओ. के.’ ही अक्षरे ‘ऑल करेक्ट’ या अर्थाने आढळली. या शब्दांची खरी आद्याक्षरे ‘ए’ आणि ‘सी’. परंतु शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांचे संक्षेप करण्याची गंमत तेव्हा वृत्तपत्रांत चाले. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’ हा संक्षेपही तसाच होता. तो लुप्त झाला, ‘ओके’ टिकला. कारण १८४० च्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावाशी ही अक्षरे जुळली आणि प्रचारात घुमली.

पुराव्याची मर्यादा

आद्य लिखित नोंद म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे. ‘ओके’चे मूळ पश्चिम आफ्रिकी भाषांत आहे, असेही मत मांडले गेले, त्याला पुरेसा लिखित आधार मिळालेला नाही. परंतु गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे बोलणे त्या काळी क्वचितच लिहून ठेवले जाई, हेही ध्यानात घ्यावे. पुराव्यावाचून मत सिद्ध होत नाही. तसेच ज्यांच्या हाती छापखाना नव्हता, त्यांचे शब्द अस्तित्वातच नव्हते असेही म्हणता येत नाही. म्हणूनच ऐकलेला शब्द वेळीच टिपणे महत्त्वाचे ठरते.

स्वयंअध्ययन

१. आपल्या परिसरात ऐकलेला एक नवा बोलशब्द निवडा. दिनांक, स्थळ, बोलणाऱ्याचा वयोगट, संपूर्ण वाक्य व संदर्भानुसार अर्थ यांसह त्याची नोंद करा.

२. ‘आद्य नोंद म्हणजे उगम नव्हे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.