खोक्यावर न छापलेलं

नवा म्युझिक प्लेअर घेताना खोक्यावर काय काय लिहिलंय ते सगळेच वाचतात. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एफएम, इतके तास बॅटरी. त्यात काय नाही, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं, आणि रोज ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं नेमकं तिथेच अडतं. आमच्या बाभुळगावात आता बऱ्याच घरांत असे प्लेअर दिसतात. कुणाच्या पोराने पुण्याहून पाठवलेला, कुणी यवतमाळच्या बाजारातून आणलेला. आमच्याकडचा भाच्याने बाबांसाठी हौसेने आणला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यात जे उणं निघालं ते त्या किमतीच्या कितीतरी प्लेअरांत सापडतं. घेणाऱ्याला ते आधी कळावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

बाबांचं ऐकणं ठरलेलं असतं. पहाटे हरिपाठ, दुपारी रेडिओ, संध्याकाळी प्रार्थनेनंतर ग्रामगीतेचा एक अध्याय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आमच्या भागात अजून घराघरांत वाचली जाते, आणि डोळे थकले की ती ऐकली जाते. एकूण ४१ अध्याय. भाच्याने प्रत्येक अध्यायाची वेगळी फाइल करून कार्डात भरून दिली होती. पहिला अध्याय संपला आणि प्लेअरने दहावा लावला. मग अकरावा, बारावा. दुसऱ्या अध्यायाचा पत्ताच नाही.

हा बिघाड नव्हता. काही प्लेअर फाइलींची नावं शब्दकोशातल्या शब्दांसारखी लावतात. आकडा म्हणून वाचतच नाहीत, त्यामुळे १ नंतर १०, ११, १२ असं करत १९ पर्यंत जाऊन मग २ येतो. काही प्लेअर नाव बघतच नाहीत. ज्या क्रमाने फाइली कार्डात पडल्या त्याच क्रमाने वाजवतात. दोन्हींवर उपाय एकच. फाइलींना 001, 002, 003 अशी इंग्रजी अंकांत नावं द्यायची, कार्ड पूर्ण रिकामं करायचं आणि त्याच क्रमाने पुन्हा भरायचं. मराठी नावं देऊ नका. लहान पडद्याच्या प्लेअरांत देवनागरी अक्षरांच्या जागी बहुधा चौकोन दिसतात. घरातल्या कॉलेजच्या पोराचं हे तासाभराचं काम आहे, पण ते कुणीतरी करून द्यावं लागतं.

त्याहून मोठी अडचण दुसऱ्या दिवशी आली. अध्याय अर्धा ऐकून बाबांनी प्लेअर बंद केला होता. संध्याकाळी चालू केला तर पुन्हा पहिल्या फाइलीचं पहिलं वाक्य. बाबा म्हणाले, “काल इथवर ऐकलं होतं ना, मंग हे पुन्हा पयल्यापासून काऊन लागते?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या जुन्या टेपला ही अडचण कधी आलीच नाही. कॅसेट जिथे थांबवली तिथेच थांबते. काढून कपाटात ठेवा, महिन्याने लावा, पुढचा शब्द तिथूनच येतो. त्यासाठी कुठली चिप लागत नव्हती. पट्टी जिथवर गुंडाळली गेली तीच तिची खूण. फाइलीला अशी खूण आपोआप नसते, ती यंत्राने लिहून ठेवावी लागते. हे काम अवघड नाही, पण प्लेअर बनवणारे गृहीत धरतात की ऐकणारा पाच मिनिटांची गाणी ऐकणार. गाणं पहिल्यापासून लागलं तर कुणाचं बिघडत नाही. कीर्तन, प्रवचन, पारायण ऐकणाऱ्याचं सगळंच बिघडतं. शिवाय काही प्लेअर फाइल कुठली होती एवढंच लक्षात ठेवतात, तिच्यातली जागा नाही. दुकानदार “लक्षात ठेवतो” म्हणतो तेव्हा यातलं नेमकं काय, ते विचारा.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचं कार्ड घेऊन जा, आणि त्यात तासाभराचं एखादं कीर्तन असू द्या. ते लावा, मध्यावर न्या, बटणाने प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. मग कार्ड काढून पुन्हा घाला आणि बघा. मग आवाज कमी करून बंद-चालू करा. पुष्कळ प्लेअर चालू होताना आधीचा आवाज विसरतात आणि स्वतःच्या ठरलेल्या आवाजात सुरू होतात. त्याआधी एक बाई मोठ्याने इंग्रजीत सांगते की ब्लूटूथ सुरू झालं. पहाटे पाच वाजता, शेजारी नातवंडं झोपलेली असताना. ही घोषणा बंद करायची सोय आमच्या प्लेअरात नाही. पुष्कळांत नसते.

आता रेडिओ. आमच्याकडच्या जुन्या माणसांसाठी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नागपूर, ५१२.८ मीटर म्हणजे ५८५ किलोहर्ट्झ. ही मध्यम लहर. खोक्यावर ‘रेडिओ’ असं लिहिलेलं असलं तरी या प्लेअरांत बहुधा फक्त एफएम असतो आणि मध्यम लहर नसते. कारण साधं आहे. मध्यम लहरीसाठी आत फेराइटची कांडी बसवावी लागते, जागा जाते, खर्च वाढतो, आणि प्लेअरमधल्याच चार्जिंगच्या आणि ब्लूटूथच्या सर्किटची खरखर तिच्यात शिरते. एफएम साफ ऐकू येतो, पण त्याची लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत चालते, दूरवर पोचत नाही. नागपूरचं मध्यम लहरीचं केंद्र अख्ख्या विदर्भात ऐकू यायचं. एफएमवर आपल्याला यवतमाळ केंद्र मिळतं, आणि तेही घर कुठे आहे, छत पत्र्याचं की स्लॅबचं, यावर अवलंबून.

त्यात पुन्हा हाताने स्टेशन लावायची चकती गेलेली. प्लेअर स्वतः शोध घेतो आणि जोरात येणारी स्टेशनं क्रमांक देऊन साठवतो. मंद येणारं स्टेशन तो सरळ ओलांडून जातो. जुन्या रेडिओवर आपण काटा केसभर सरकवून खरखरीतून बातम्या बाहेर काढायचो. इथे यंत्राने एकदा नाही म्हटलं की विषय संपला. एफएमसाठी घेणार असाल तर फ्रिक्वेन्सीचा आकडा दाखवणारा पडदा आणि एक-एक पायरीने पुढे सरकणारं बटण आहे का, हे बघा. बाहेर ओढायची सळई असेल तर उत्तम. काही प्लेअर चार्जिंगच्या वायरीलाच अँटेना करतात, आणि ती लावली की चार्जरची गुणगुण ऐकावी लागते. मोबाइलवर इंटरनेट चालत असेल तर आकाशवाणीची अनेक केंद्रं ‘न्यूज ऑन एअर’ या अॅपवर ऐकता येतात आणि फोनवरून ब्लूटूथने प्लेअरवर घेता येतात. पण फोन हाताळू न शकणाऱ्या माणसासाठीच तर आपण प्लेअर घेत असतो.

गाणी आधीच भरून आलेले प्लेअर हा याच अडचणीवर काढलेला तोडगा. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने ५००० गाणी भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना भेट द्यायची एक नवी वस्तू घरोघर गेली. कार्ड नको, इंटरनेट नको, बटण दाबा आणि ऐका. ही सोय मोठी आहे आणि ज्यांना जुनी सिनेमाची गाणी हवीत त्यांनी अशा वस्तूचा जरूर विचार करावा. मात्र असा कुठलाही प्लेअर घेताना एक ध्यानात ठेवा: कंपनीकडे ज्यांचे हक्क आहेत तीच गाणी त्यात असणार. दुसऱ्या कंपनीच्या कॅसेटवर आलेलं तुमच्या आवडीचं भजन त्यात निघेलच असं नाही. गाण्यांची यादी मागून घ्या आणि ज्याच्यासाठी घेताय त्याच्या आवडीची नावं तिच्यात शोधा. खंजिरीवरची भजनं, आपल्या गावच्या मंडळाचं गाणं, हे तुम्हालाच कार्डावर भरावं लागेल. म्हणजे कार्डाची खाच हवीच.

कार्डाचंही एक गणित आहे. १२८ केबीपीएस दर्जाची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेते. ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांहून अधिक ऐकणं मावतं. एवढं कुणाला संपत नाही, तेव्हा ६४ किंवा १२८ जीबीच्या मागे लागू नका. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं बहुधा एक्सफॅट पद्धतीने आखलेली येतात. साध्या प्लेअरला फॅट ३२ कळतं, एक्सफॅट कळत नाही. कार्ड चांगलं असूनही प्लेअर मुका राहतो तो यामुळे. आणि दोन-तीनशे रुपयांत एक टीबीचं कार्ड कुणी देत असेल तर ते खोटं आहे. त्यात भरलेलं अर्धंअधिक गायब होतं.

बॅटरीवर मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण आमच्याकडे हा प्लेअर वावरातही जातो. बेंबळा प्रकल्पामुळे तालुक्यात ओलीत वाढलं. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माझा भाऊ रात्री जातो. जागलीला सोबत म्हणून आणि रानडुकरं, रोही यांना माणसाची चाहूल लागावी म्हणून प्लेअर नेतो. आमच्या नव्या प्लेअरची बॅटरी आत बंद. खोक्यावरचे तास हे बहुधा अर्ध्या आवाजावर मोजलेले असतात. वावरात पूर्ण आवाज लागतो, तेव्हा ते तास निम्म्याहून कमी होतात. पहाटेआधी प्लेअर बंद पडतो आणि खिशातून दुसरी बॅटरी काढून घालता येत नाही.

याउलट त्याच्याकडचा जुना, स्वस्त, बिननावाचा डबा बघा. मागचं झाकण नखाने उघडतं आणि आत बीएल-५सी बॅटरी. ही मुळात नोकियाच्या साध्या फोनांची, १०२० एमएएच क्षमतेची. गावातल्या मोबाइलच्या दुकानात सहज मिळते. आवाज बेताचा, रूप त्याहून बेताचं. पण दोन बॅटऱ्या खिशात टाकल्या की रात्र निघते, आणि बॅटरी मेली म्हणून डबा फेकावा लागत नाही. महागाच्या प्लेअरची लिथियम बॅटरी दोन-चार वर्षांत थकणारच. तेव्हा ती बदलून कोण देणार, कितीला आणि कुठे, हे घेतानाच विचारा. गुळगुळीत बंद अंग आणि पाण्यापासून बचाव हवा असेल तर उघडणारं झाकण सोडावं लागतं. दोन्ही एकत्र क्वचितच मिळतं. घरात बसून ऐकणाऱ्याने पहिलं घ्यावं, वावरात नेणाऱ्याने दुसरं. बिननावाची वस्तू घेतलीत तरी बॅटरी आणि चार्जर यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून खरा आहे का, हे तपासता येतं. फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नका.

पाण्याबद्दल निघालंच आहे तर खोक्यावरचं ‘आयपीएक्स७’ नीट वाचा. शेवटचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. मधल्या एक्सची जागा धुळीच्या आकड्याची असते. तिथे एक्स असला की धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही असं समजा. कापूस वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत आपल्याकडे पाण्यापेक्षा धूळ जास्त. वावरात बंद अंगाचाच प्लेअर न्यायचा असेल तर ‘आयपी६७’ बघा.

एक उणीव मला सगळ्यांत जास्त सलते. जुन्या टू-इन-वनवर लाल बटण होतं. भजनी मंडळ बसलं की कोरी कॅसेट घालायची आणि दाबायचं. पुष्कळ घरांत गेलेल्या माणसांचे आवाज आज आहेत ते त्या बटणामुळे. आमच्या नव्या प्लेअरात रेकॉर्डिंग नाही. काढून टाकण्याची ही रीत नवी नाही. १९७९ च्या जुलैत सोनीने पहिला वॉकमन आणला तो पत्रकारांच्या छोट्या रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगच काढून टाकून. तरी ते यंत्र जगभर खपलं. २००१ चा आयपॉड ५ जीबी गाणी घेऊन आला, पण त्यात एफएम नव्हता. म्हणजे काहीतरी वगळल्याशिवाय वस्तू सुटसुटीत होत नाही, हे मला मान्य आहे. पण काय वगळलं ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. सध्या मंडळाचं भजन मी फोनवर रेकॉर्ड करतो आणि फाइल त्याच दिवशी कार्डावर चढवतो, नाहीतर फोन बदलताना ती जाते.

घरात जुन्या कॅसेटी असतील तर टेप भंगारात देण्याआधी त्या उतरवून घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या माइकच्या भोकात घालायची, ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुरू करायचं. आवाज आधी कमी ठेवून चाचणी घ्या. जेवढी लांब कॅसेट तेवढाच वेळ लागतो, घाईचा मार्ग नाही. टेपचा पट्टा सैल झाला असेल तर तो आधी बदलून घ्या, म्हणजे आवाज ओढल्यासारखा येणार नाही.

शेवटी पावतीचं. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी आहे का, ते बघा. पुष्कळदा ती प्लेअरच्या मुदतीपेक्षा कमी असते. सांगितलं एक आणि निघालं दुसरं, असं झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठीही मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही, यवतमाळ पुरतं.

आमच्याकडे आता दोन यंत्रं चालतात. नव्या प्लेअरवर बाबा हरिपाठ आणि ग्रामगीता ऐकतात. प्रत्येक अध्याय दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापून, 001 पासून क्रमांक देऊन भरला आहे, म्हणजे मध्येच बंद केलं तरी फार मागे जावं लागत नाही. जुना डबा भावाबरोबर ओलिताला जातो. आणि नागपूर केंद्रासाठी बाबांचा मोठ्या सेलवर चालणारा रेडिओ यवतमाळच्या कारागिराकडून दुरुस्त करून आणला आहे. त्याचे सेल वापरात नसताना काढून ठेवावे लागतात, नाहीतर ते पाझरून आतल्या पट्ट्या खातात.