संगणकावरील मराठी मजकूर : बिघाड कसा ओळखावा?

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला –
• संगणकावरील अक्षराच्या तीन पातळ्या स्पष्ट करता येतील.
• मराठी मजकुरातील बिघाड कोणत्या पातळीवरचा आहे, हे ओळखता येईल.
• मजकूर न गमावता योग्य उपाय योजता येईल.

प्रस्तावना

तुमसर वा साकोली येथील एखाद्या टंकलेखन केंद्रातून करून आणलेला स्वाध्याय घरच्या संगणकावर उघडावा आणि मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसावी, असा प्रसंग कोणाही विद्यार्थ्यावर येऊ शकतो. अशा वेळी मजकूर नष्ट झाला असे समजून तो पुसून टाकणे हा घाईचा निर्णय ठरतो. पुष्कळदा मजकूर शाबूत असतो. दोष कोठे आहे, एवढेच शोधावयाचे असते.

१. कळ, संकेतांक आणि आकार

कागदावरचे अक्षर म्हणजे त्याचा आकारच होय. संगणकावर मात्र आपण कळ दाबतो, संगणक तिच्यासाठी ठरलेला संकेतांक साठवितो आणि फॉन्ट त्या संकेतांकाला पडद्यावर आकार देतो. साध्या मजकुराच्या फाइलीत आकार साठविला जात नाही, केवळ संकेतांक साठविला जातो. म्हणून प्रथम विचारावे : बिघाड कळीत आहे, संकेतांकात आहे की आकारात?

२. कळीचा बिघाड

एखादे अक्षर उमटत नसेल, तर इंग्रजी मांडणी निवडून तीच कळ दाबावी. तरीही काही उमटले नाही, तर दोष कळफलकात आहे. संगणक बंद करून वायर काढून पुन्हा जोडावी. कळफलक उलटा धरून धूळ हलकेच झटकावी. इंग्रजी अक्षर उमटले, तर कळ ठीक आहे. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी पुन्हा निवडावी.

३. रोमन अक्षरे दिसणे

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली; तीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग होता. विंडोजमध्ये मराठीची सोय मात्र विंडोज २००० पासून झाली. तोवर रूढ झालेले कृतिदेवसारखे फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार चढवितात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांनी साठविला जातो. फॉन्ट नसेल तेथे हीच अक्षरे दिसतात.

उपाय दोन : तो फॉन्ट बसविणे किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणणे. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर. म्हणून परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे तपासावीत.

४. चौकोन, प्रश्नचिन्हे आणि चिन्हांची गर्दी

ही लक्षणे सारखी भासली तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत.

• चौकोन : संकेतांक शाबूत आहे, फॉन्टमध्ये आकार नाही. मंगल वा निर्मला हा फॉन्ट निवडावा.
• चिन्हांची गर्दी : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. फाइल अन्य पद्धतीने वाचली गेल्यास एका चिन्हाच्या जागी तीन विचित्र चिन्हे दिसू शकतात. ती न साठविता बंद करावी आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी.
• सलग प्रश्नचिन्हे : देवनागरीला स्थान नसलेल्या पद्धतीत फाइल साठविली गेल्यास मूळ संकेतांकच पुसले जातात. त्या प्रतीतून मजकूर परत मिळत नाही. आधीची प्रत शोधावी.

५. दिसते एक, साठते दुसरे

‘भंडारा’ या नामाचे सामान्यरूप ‘भंडाऱ्या-’ असे होते. यातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. आकार एकच, संकेतांक वेगळे. त्यामुळे शब्द समोर असूनही शोध घेताना तो सापडेलच असे नाही. संपूर्ण लेखनात एकच पद्धत पाळावी.

सारांश

आकार बिघडला तर फॉन्ट बदलावा, वाचन बिघडले तर संकेतपद्धती बदलावी; संकेतांकच गेला तर जपून ठेवलेली प्रतच उपयोगी पडते. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी फाइलीची दुसरी प्रत करून ठेवावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चौकोन आणि प्रश्नचिन्हे यांतील भेद सांगा.
२. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ हे शब्द टंकित करून त्यांतील कळींचा क्रम लिहा.