घड्याळाकडे नको, पिठाकडे बघ

डोशाचं पीठ फुगलं नाही म्हणून तू एवढी हिरमुसलीस, ते काही मला पटलं नाही बाय. तलासरीत नोकरी लागल्यापासून तुझं एकच पालुपद, हॉटेलसारखा डोसा जमत नाही. अगं, हॉटेलात जाडजूड मोठा तवा दिवसभर तापलेला असतो आणि त्यावर रोज तोच हात फिरत असतो. तुझ्याकडे एक शेगडी, छोटा मिक्सर, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. तू धिरडी कर. जाड झाली तरी कुणी नापास करत नाही.

आधी उडीद. ती पाकिटातली पांढरीशुभ्र डाळ आणत जाऊ नकोस. पाड्यांवरच्या बाया बाजारात सालीचे उडीद घेऊन बसतात, ते घे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली-वरई पिकते, तिथेच हे उडीद होतात. तूर भाताच्या बांधावर. पाऊस सरला की नवा माल दिसायला लागतो. आणि मापामागे पाच-दहा रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करू नकोस. २३ मे १९४५ ला हजारो वारली ज्या झरी गावात जमले आणि वेठीला नाही म्हणाले, ते झरी तुझ्याच तालुक्यात आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणून वाच. या भागातल्या माणसांकडून लोकांनी काय काय फुकटात उकळलंय ते कळलं, की पाच रुपये सोडायला हात आखडत नाही.

उडीद भरडलेले असले तर रात्रभर भिजव, सकाळी पाण्यातच दोन्ही हातांनी चोळ. साल वर तरंगते, ती ओतून दे. सगळी काढायच्या मागे लागू नकोस, थोडी राहिली तर रंग करडा येतो, चव उलट खमंग. वाटीभर उडदाला तीन वाट्या तांदूळ नि चिमूटभर मेथी. तांदूळ रेशनचा जाडा चालतो. वाडा कोलम भातासाठी ठेव, तो धिरड्यात घालणं म्हणजे उधळपट्टी. तीनातली एक वाटी तांदूळ कमी करून नागलीचं पीठ घातलंस तर मला तरी जास्त आवडतं. तांबूस होतात, कडा कुरकुरीत, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आता तुझं खरं दुखणं. ‘आठ तास ठेवा’ असं कुठेतरी वाचून तू घड्याळ लावून बसतेस. इथे डहाणूला समुद्राची दमट हवा, मे महिन्यात संध्याकाळी वाटलेलं पीठ पहाटेपर्यंत आंबून उतूही जातं. तुझ्याकडे आत जरा थंडी जास्त, जानेवारीत तेच पीठ सकाळी जसंच्या तसं. मग काय, दुपारपर्यंत ठेव. चुलीजवळ, नाहीतर गोधडीत गुंडाळून. उडदाला वाटल्यावर चिकटपणा सुटतो, आंबताना होणारा वायू त्यात अडकतो, म्हणून पीठ चढतं. वर जाळी दिसली, चमचा घातल्यावर हलकं लागलं, की झालं. मूग-तुरीत तो चिकटपणा नाही, त्यांचं पीठ फुगायची वाट बघत बसशील तर उपाशी राहशील.

मुगाचं तर ताबडतोबच करायचं. सालीचे मूग सकाळी कामावर जाताना भिजत टाक, आल्यावर मूठभर तांदूळ, आलं, मिरची, जिरं घालून वाट. पाणी अगदी बेताचं. वीज गेली तर मूग उपसून फडक्यात बांधून ठेव, दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या मुगाचं धिरडं खा. आणि ज्या दिवशी भिजवायलाच विसरशील, त्या दिवशी शेजारच्या गुजराती काकूंना पुडला विचार. बेसन, कांदा, थंडीत हिरवा लसूण. तलासरी म्हणजे अर्धं पलीकडचंच, त्यांना विचारायला लाजू नकोस. नवीन गावात ओळख करायला पाककृती विचारण्याइतका सोपा बहाणा नाही.

तवा बिडाचा घे. अर्धा कांदा तेलात बुडवून घास, पाण्याचा हबका मार, मग आच कमी करून पीठ घाल. तवा फार तापला असेल तर पीठ पळीलाच गोळा होऊन येतं. तव्याला दोष देऊ नकोस.

चटणीत मात्र मी हट्टी आहे. डहाणूची हिरवी मिरची, ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि कैरीचे दिवस असले तर कैरीची फोड. चिंच-लिंबू तेव्हा लागतच नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून कुणी चिकूची चटणी सुचवली तर ऐकू नकोस, चिकू नुसता खावा.

तुझ्यासारख्या एकटीला खुरासणीची चटणी सगळ्यात सोयीची. बिया कोरड्या भाजायच्या, तडतडायला लागल्या की उतरवायच्या, लसूण, सुकी मिरची, मीठ घालून खलात कुटायच्या. मिक्सर नको, फ्रिज नको. बरणीत आठ-पंधरा दिवस सहज राहते. वर तेलाची धार सोडून गरम धिरड्याबरोबर खा.

आणि जवळा. तुला आवडतो हे मला माहीत आहे, घरमालकीणबाई शाकाहारी आहेत हेही. दार लावून चोरून भाजायचा विचार करत असशील तर सोड, तो वास भिंतीतून जातो. मी इथे भाजून, चाळून, लसूण-मिरची लावून कोरडी चटणी करते, घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन जा. फक्त खोलीत तापवू नकोस. बदल्यात नवे उडीद निघाले की माझ्यासाठी पाच किलो घेऊन ठेव. राख लावलेलेच घे, किडत नाहीत.