झेरॉक्स निघते, पण स्कॅन जात नाही: आधी काय बघायचं?



मागच्या महिन्यात एका गटाच्या सात ताया कर्जाची फाईल घेऊन आपल्या संघाच्या ऑफिसात आल्या होत्या. ठराव, पासबुकं, आधार, सगळं तयार होतं. स्कॅन करून बँकेला ईमेल करायचं एवढंच बाकी होतं. पण स्कॅन काही कॉम्प्युटरवर येईना. "मशीन बिघडली आहे, सोमवारी या," असं मीच त्यांना सांगितलं. सोयाबीन काढणीचे दिवस होते. सात जणींची एका दिवसाची मजुरी गेली, शिवाय जायचं-यायचं भाडं.

नंतर कळलं की मशीनला काहीच झालं नव्हतं. रात्री लाईट गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि कॉम्प्युटरचा नंबर बदलला. एवढंच! म्हणून हा पाठ. "हे लेखापाल ताईचं काम" म्हणून पान उलटू नका. ती सुट्टीवर असेल तेव्हा गाडी तुमचीच अडते.

मशीन कागद पाठवते कसा?

आपली मशीन दोन वाटांनी स्कॅन पाठवते. एक, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये. दोन, थेट ईमेलने. झेरॉक्स नीट निघत असेल तर काच आणि दिवा चांगला आहे. मशीनला पेनड्राइव्ह लावून स्कॅन करून बघा. तो झाला, तर दोष मशीनमध्ये नाही, वाटेत आहे. आणि त्या दिवशीचं कामही पेनड्राइव्हवर निभावतं. कोणाला परत पाठवायची गरज नाही.

फोल्डरमध्ये स्कॅन येत नसेल तर या क्रमाने बघा

१. कॉम्प्युटर चालू आहे का? तो झोपला असेल (स्लीप) तरी स्कॅन जात नाही. मशीनच्या मागची नेटवर्कची वायर घट्ट आहे का, तेही बघा.

२. नंबर तोच आहे का? राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये हाच नंबर लिहिलेला असतो. राउटर बंद-चालू झाला की कधी कधी कॉम्प्युटरला नवा नंबर मिळतो आणि मशीन जुन्याच पत्त्यावर जात राहते. घर बदललं, पण पोस्टमनला सांगितलंच नाही, तसं. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपीव्ही४ ॲड्रेस' दिसतो. तो ॲड्रेस बुकशी जुळवा. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही. आधी वायर आणि राउटर बघा. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये आपल्या कॉम्प्युटरसाठी एक नंबर राखून ठेवायला सांगणे.

३. पासवर्ड बदलला का? कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला की मशीनमध्येही बदलावा लागतो. आणि लक्षात ठेवा, कॉम्प्युटर उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही. खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो.

४. नेटवर्क 'पब्लिक' झालं का? तसं असेल तर विंडोज बाहेरच्यांना फोल्डरपर्यंत येऊ देत नाही. आपल्या ऑफिसचं नेटवर्क 'प्रायव्हेट' हवं.

५. कॉम्प्युटर नवा आणि मशीन जुनी आहे का? फाईल देण्या-घेण्याच्या भाषेला एसएमबी म्हणतात. जुन्या मशीनला तिची पहिली आवृत्तीच येते. २०१७ साली 'वॉनाक्राय' व्हायरस जगभर पसरला, तो याच पहिल्या आवृत्तीतल्या फटीतून. आता नवीन विंडोजमध्ये ती मुळात बंदच असते. मेकॅनिक "ती चालू करून देतो" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट होतं का, हे आधी विचारा. होत नसेल तर ईमेल किंवा पेनड्राइव्ह बरा.

ईमेल जात नसेल तर

३० मे २०२२ पासून जीमेलने नुसत्या पासवर्डवर मशीनला आत घेणं बंद करायला सुरुवात केली. आता खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची आणि मशीनसाठी वेगळा १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' काढून तोच मशीनमध्ये भरायचा. खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्ड रद्द होतो, नवा काढावा लागतो. पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल, ५८७ असेल तर टीएलएस निवडलेलं हवं. मशीनवरची तारीख-वेळही बरोबर हवी, नाहीतर सुरक्षित जोडणी होत नाही.

एखादी फाईल जाते आणि एखादी अडते, असं असेल तर ती मोठी असणार. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि पाठवताना फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते. काळं-पांढरं, २०० डीपीआय ठेवलं की बहुतेक कागद हलके होतात.

यात आपलं काय?

तायांनो, त्या फोल्डरमध्ये तुमचं आधार आणि पासबुक असतं. ते 'एव्हरीवन', म्हणजे सगळ्यांना उघडं ठेवायचं नसतं. मेकॅनिकला खात्याचा मूळ पासवर्ड कधीच देऊ नका. काम झालं की फोल्डर रिकामा झाला का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

आणखी एक. पडताळणीचा कोड कोणाच्या मोबाईलवर येतो? लेखापाल बदलली आणि नंबर तिचाच राहिला, तर संघाचं ईमेल खातं कुलूपबंद होऊ शकतं. तो नंबर संघाचाच हवा, आणि तसा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहा.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा: वरचे पाच मुद्दे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मशीनजवळ चिकटवा, आणि दोन ताया प्रत्येकी एक पान स्वतः स्कॅन करून बघा. लिहायचा कंटाळा आला, तर मला हाक मारा. लिहायला मी येते, पण बटण तुम्हीच दाबायचं!