गाडीचे नाव आणि गाडीचे काम

कापडाच्या दुकानात एक गिऱ्हाईक असे येते की जे थान उलगडण्याआधीच मिलचे नाव सांगते. दुसरे कापड दाखवले, स्वस्त सांगितले, तरी ते ऐकत नाही. मोटारसायकलीच्या बाबतीत हा प्रकार आणखी पुढे गेलेला आहे. बुलेटवाला बुलेट सोडत नाही, स्प्लेंडरवाला स्प्लेंडरच्या पुढे पाहत नाही. येझदी चालवलेले बुजुर्ग तर आजही तिच्या आवाजाची तारीफ करतात. चहाच्या टपरीवर यावरून वाद होतात आणि भावाभावात रुसवे होतात.

शौकिनांचा हा वाद शौकिनांपुरता ठीक आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांची गाडी ही रोजीचे साधन आहे. मागाचा फिटर, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, नळकाम करणारा, गाठोडे बांधून आठवडे बाजार करणारा कापडवाला, या सर्वांच्या कमाईत गाडीचा हिस्सा असतो. एक दिवस गाडी बंद राहिली तर त्या दिवसाची मजुरी गेली. सबब, नावावरचा भरवसा कोठवर रास्त आहे आणि कोठून तो खिशाला भोक पाडतो, हे समजून घेणे जरूर आहे. शिवाय कंपन्यांनी हा भरवसा कसा कमावला आणि कसा घालवला, यात आपल्या तिजारतीसाठीही मोठा धडा आहे.

रांगेतले गिऱ्हाईक

प्रथम बजाजची चेतक स्कूटर पाहू. १९७२ साली ती बाजारात आली. पुण्याजवळ आकुर्डीला तिचा कारखाना होता. तो परवान्यांचा जमाना होता. किती माल बनवायचा याची मर्यादा सरकार ठरवत असे. त्यामुळे नंबर लावल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागे. लग्नात जावयाला स्कूटर द्यायची तर मुलगी लहान असतानाच नंबर लावतात, असे लोक गमतीने म्हणत. गाडी मजबूत होती, पत्रा जाड होता, पुढे सामान ठेवायला जागा होती आणि सोबत जादा चाक होते. ती एका बाजूला कलती करून किक मारण्याची तऱ्हा त्या पिढीतल्या सर्वांना ठाऊक आहे.

पुढे बाजार खुला झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गिऱ्हाईक मोटारसायकलीकडे वळले आणि चेतकची रांग विरून गेली. कारण रांगेत उभी असलेली सर्व माणसे काही चेतकची आशिक नव्हती. बऱ्याच जणांना दुसरे काही मिळतच नव्हते. दुसरे मिळू लागले तेव्हा खरे गिऱ्हाईक किती आणि मजबुरीचे किती, हे उघड झाले.

बजाजनेही वेळीच मोटारसायकलीवर जोर दिला. २००१ साली पल्सर काढली आणि तीत यश मिळवले. पेट्रोल स्कूटरचे काम बंद करण्याचे कंपनीने २००९ च्या अखेरीस जाहीर केले. मात्र स्कूटर या मालाची मागणी मेलेली नव्हती. होंडाने गिअर नसलेली अ‍ॅक्टिव्हा आणून तोच बाजार नव्याने भरला. पुढे २०२० साली बजाजने चेतक हे नाव बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरला दिले. म्हणजे नावात अजून दम होता. जुन्या मालातला संपला होता.

पेट्रोलने जिंकलेला भरवसा

१९८० च्या दशकापर्यंत आपल्याकडे राजदूत, येझदी आणि बुलेट या तीन फटफटींचे राज्य होते. राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीची. मूळ नमुना पोलंडचा. खेड्यात दुधाच्या किटल्या वाहणाऱ्यांची ती लाडकी गाडी. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तिची खूण म्हणजे किक आणि गिअर यांचा एकच दांडा. या दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोक इंजिन साधे असते, त्यात फिरते भाग कमी, दुरुस्ती सोपी. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, धूर होतो आणि थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाते.

१९८५ साली हिरो होंडाने १०० सी.सी.ची फोर-स्ट्रोक सीडी १०० आणली. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ अशी तिची जाहिरात होती. म्हणजे टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ताकदीच्या मोठ्या बाता नव्हत्या. पगारदार माणसाच्या मनातली पेट्रोलची चिंता तेवढी ओळखली होती. गाडी घेणाऱ्याने महिन्याच्या अखेरीस हिशेब केला तेव्हा जाहिरातीचा रोख खरा निघाला. १९९४ साली याच जातीचे इंजिन घेऊन स्प्लेंडर आली आणि देशातील सर्वाधिक खपाच्या गाड्यांत जाऊन बसली.

भरवशाची खरी परीक्षा पुढे झाली. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा यांनी वेगळे होण्याचे ठरवले. २०११ साली कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले. गिऱ्हाईक जपानी नावाच्या मागे जाईल, असा अंदाज अनेकांनी बांधला. होंडाने स्वतःचा मोठा बाजार उभा केला हे खरे. पण स्प्लेंडर पडली नाही. तिच्या गिऱ्हाईकाने टाकीवरचे नाव पाहिले असेल, पण भरवसा ठेवला होता तो इंजिनावर, गावातल्या मिस्त्रीवर आणि हाकेच्या अंतरावर मिळणाऱ्या सुट्या भागांवर. या तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या.

शौकाची गाडी, रोजीची गाडी

याच्या उलट उदाहरण राजदूत ३५० चे आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० या नावाने इथे आणली. दोन सिलिंडर, जबरदस्त वेग. पण किंमत भारी, पेट्रोल पाण्यासारखे पिणार आणि सुट्या भागांची अडचण. त्या काळी ती फारशी खपली नाही. आज तीच गाडी शौकीन लोक मोठी रक्कम देऊन घेतात आणि जीव लावून सांभाळतात. यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ साली. तिचीही तशीच इज्जत आहे, जरी ती १९९६ च्या सुमारास बंद झाली.

येझदी बनवणारी म्हैसूरची कंपनीही १९९६ साली बंद पडली. चाहते तेव्हाही होते. पण चाहता असणे वेगळे आणि दर पाच-सात वर्षांनी दुकानात येऊन नवी गाडी घेणे वेगळे. जुनी गाडी जपणाऱ्याच्या प्रेमावर कारखान्याचे पगार निघत नाहीत. हे नावही वाया गेले नाही. महिंद्र समूहाशी संबंधित क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी या नावाने नव्या गाड्या आणल्या.

यातून गाडी घेणाऱ्याने एक फरक लक्षात ठेवावा. शौकाच्या गाडीचे मोल तिच्या दुर्मीळपणात असते. रोजीच्या गाडीचे मोल नेमके उलटे आहे. ती जितकी सर्रास, तितकी कामाची. कारण जी गाडी सर्वांकडे असते, तिचा मिस्त्री, तिचा भाग आणि तिचे जुने गिऱ्हाईक, तिन्ही सहज सापडतात.

बुलेटने काय सांभाळले, काय सोडले

बुलेटची हकीगत सर्वांत उद्बोधक आहे. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची कंपनी. आपल्या लष्करासाठी बुलेट घेतली गेली आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली.

त्या काळी इंग्लंडच्या मोटारसायकली जगात नावाजलेल्या होत्या. बी.एस.ए., नॉर्टन, ट्रायम्फ यांचे चाहते पक्के होते. इंजिनातून ऑइल गळे, तर मालक त्याला गाडीचा स्वभाव समजत. कंपन्यांनी या सहनशीलतेचा अर्थ ‘माल ठीक आहे’ असा लावला. १९६९ साली होंडाची चार सिलिंडरची ७५० सी.सी. गाडी आली. बटनाने सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली आणि ऑइल न गळणारी. काही वर्षांतच इंग्लंडच्या धंद्याचा कणा मोडला. बी.एस.ए.सारखी बलाढ्य कंपनी १९७३ साली कोसळली. रेडिचचा कारखाना तर त्याआधीच बंद झाला होता. चाहत्यांचे प्रेम कोणाला वाचवू शकले नाही, कारण त्यांच्या मुलांनी जपानी गाड्या घेतल्या.

मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली, पण इथेही तोच रोग होता. ओतीव लोखंडाचे जड इंजिन, ऑइलची गळती, उजव्या पायाला गिअर, किक मारण्याचे खास तंत्र. पोलीस, लष्कर आणि निष्ठावान मालक सोडले तर नवे गिऱ्हाईक बिचकत असे. १९९४ साली कंपनी आयशर समूहात विलीन झाली, तरी २००० साली ती विकावी की बंद करावी असा विचार चालू होता. तेव्हा सिद्धार्थ लाल यांनी ती हाती घेतली.

पुढचा प्रश्न कोणत्याही जुन्या दुकानदाराला पडेल असाच होता. जुने गिऱ्हाईक म्हणते, काही बदलू नका. नवे गिऱ्हाईक म्हणते, असे असेल तर घेत नाही. कंपनीने गाडीचा घाट, टाकीचा आकार, भारदस्त बैठक आणि आवाजाचा ठेका शक्यतो जपला. इंजिन नवे केले, गिअर डाव्या पायाला आणला, बटनाची सोय दिली. २००९ साली नव्या इंजिनाची क्लासिक आली. जुन्या लोकांनी कुरकुर केली की आवाज पूर्वीचा राहिला नाही. पण २०१७-१८ या एका वर्षात कंपनीने ८ लाखांवर गाड्या विकल्या.

गाडी घेताना हिशेब

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. आपली निष्ठा रास्त आहे की नुसती जिद्द, हे कागदावर तपासता येते.

१. पेट्रोल : समजा तुम्ही महिन्याला १५०० किलोमीटर फिरता. ६० किलोमीटरची सरासरी देणाऱ्या गाडीला २५ लिटर लागेल. ३५ ची सरासरी देणाऱ्या गाडीला सुमारे ४३ लिटर. फरक १८ लिटरचा. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तर महिन्याला १८०० रुपये, वर्षाला २१ हजारांवर. नावाच्या शौकासाठी ही रक्कम द्यायची तयारी असेल तर खुशाल द्या, पण माहीत असून द्या.

२. मिस्त्री आणि सुटे भाग : शोरूमला विचारण्याआधी आपल्या पेठेतील दोन मिस्त्र्यांना विचारा. क्लच प्लेट, चेन सेट, ब्रेकचे गुटके तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळतात का? २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नवे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्याचा बिघाड तपासायला यंत्र लागते. ते जवळ कोणाकडे आहे, हे आधी पाहा.

३. फेरविक्री : पाच वर्षे वापरलेल्या तशाच गाडीचा भाव जुन्या गाड्यांच्या बाजारात विचारून घ्या. खरेदीची किंमत वजा हा भाव, म्हणजे गाडीचा खरा खर्च.

४. आपले काम : मागे ४० किलोचे गाठोडे बांधणार असाल तर कॅरिअर मजबूत लागते आणि मागचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर दणकट लागतात. दिवसातून पन्नास वेळा उतरायचे असेल तर वजन हलके आणि सीट बेताच्या उंचीची हवी.

५. रक्कम : हप्त्याने घ्याल तर सर्व हप्त्यांची बेरीज रोख किमतीशेजारी लिहा. व्याजापासून दूर राहणाऱ्या बांधवांनी चांगल्या स्थितीतील जुनी गाडी रोखीने घेण्याचा विचार करावा. मात्र आर.सी. बुक, विमा आणि चेसिस नंबर तपासूनच पैसे मोजावेत.

या पाच कसोट्यांवर आपली नेहमीची कंपनी उतरत असेल तर ती बदलण्याचे कारण नाही. ओळखीच्या मालात धोका कमी असतो आणि वेळही वाचतो. उतरत नसेल, तर वडिलांनी तीच गाडी चालवली होती हे कारण पुरेसे नाही.

आपल्या गल्ल्यासाठी धडा

आपल्या दुकानावर, कारखान्यावर याच कसोट्या लावून पाहाव्यात. गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते आवडीने की जवळपास दुसरे दुकान नाही म्हणून? नवे दुकान उघडले म्हणजे हे कळते; पण तेव्हा उशीर झालेला असतो. माल विकल्यावर तक्रार आली तर आपण हजर असतो का? शिवलेला कुर्ता उसवला, रंग उतरला, थान मापात कमी भरले, तर ऐकून घेणारा कोणी आहे का? जुने गिऱ्हाईक आपली खोड सहन करते म्हणून ती खोड चालवून घ्यावी का? त्याचा मुलगा ती सहन करणार नाही, हे इंग्लंडच्या कारखान्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे.

गिऱ्हाईकाचा भरवसा ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. बाप-दादांनी कमावलेले नाव आपल्या हाती आले म्हणून ती आपली मिळकत होत नाही. दर थानाला, दर शिलाईला, दर दुरुस्तीला ती नव्याने सांभाळावी लागते. येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या दहा जुन्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारावा : आमच्या मालातली कोणती गोष्ट तुम्ही नाइलाजाने चालवून घेता? जे उत्तर येईल ते वहीत लिहून ठेवावे आणि कामाला तेथून सुरुवात करावी.