पाठ टेकली, आता खेळ सुरू!

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, विषय संपला. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र खरी गंमत पाठ टेकल्यावरच सुरू होते. माझे वजन ५४ किलो, त्यामुळे मला हा खेळ आवडला यात नवल नाही! त्यातला एकच धडा आज सांगतो : खाली पडून उभ्या माणसाला पायाच्या आकड्याने, म्हणजे 'हुक'ने, कसे अडकवायचे.

या हुकला रिकार्डो दे ला रीवाचे नाव आहे. रिओ दि जानेरोतल्या कार्लसन ग्रेसींचा हा शिष्य. १९८० च्या दशकात त्याने हा प्रकार गाजवला.

समजा, समोरच्याचा डावा पाय पुढे आहे.

१) उजव्या हाताने त्याची डावी टाच पकडा.
२) आपला उजवा पाय बाहेरून त्याच्या त्याच गुडघ्यामागून घाला आणि पाऊल मांडीच्या आतल्या बाजूला अडकवा. पंजा ताणलेला हवा. ढिला पडला की हुक सुटलाच.
३) डावे पाऊल त्याच्या उजव्या कमरेवर टेकवा.
४) डाव्या हाताने त्याची उजवी बाही धरा.

आता फर्स्ट इयरचे मेकॅनिक्स आठवा. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा दोन पावलांच्या पायात पडते तोवर माणूस स्थिर. तोल गेला की आपण पाऊल टाकतो, म्हणजे पायाच सरकवतो. इथे एक टाच तर आपल्या मुठीत! कमरेला मागे रेटा. तो उजवा पाय मागे टाकून सावरेल, पण आता त्याचा पाया लांबट आणि अरुंद झाला. लगेच बाही ओढा. त्या बाजूला टेकायला हातही मोकळा नाही, मग तो जाणार कुठे? ताकद कमी लागते, वेळ अचूक लागते.

आता महत्त्वाचे. हॉस्टेलच्या फरशीवर हे करू नका. मागे पडणाऱ्याचे डोके थेट फरशीवर आपटते. आधी पडायला शिका, मॅटवर आणि जाणकारासमोर. समोरचा अंगावर कोसळू लागला तर हुक सोडा, नाहीतर आपलाच गुडघा मुरगळेल. आणि जोडीदाराने थाप मारली की त्याच क्षणी थांबा. हा नियम पाळणारा जोडीदार मिळाला, तरच शिकायला सुरुवात करा.